मीटरबाई आणि बंद दाराचा आकडा

मोठ्या पलंगाच्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन वन्संच्या. एक घडी झाली होती. दुसरीसाठी आम्ही एकमेकींकडे दोन पावलं पुढे आलो आणि त्या मध्येच थांबल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मी त्या कुलूपवाल्याला चुकीचं सांगितलं गं."

मी म्हटलं, आधी घडी तर पुरी करू. पण त्यांनी आपली टोकं खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि आतून पिशवी आणायला गेल्या. चादर तशीच राहिली. आमचे हे दुपारी जेवायला आले ते तिच्यावरच बसले.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून वर्षाने मोठ्या, पण मी थोरल्या भावाची बायको म्हणून मी वहिनी. मी त्यांना अहोजाहो करते, त्या मला अगंतुगं, आणि तीस वर्षं आमचं यात छान चाललंय. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. पूर्वी कुणी लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, माझी चौदाशे घरं आहेत, त्यात आणखी एक कुठे सांभाळू?

ते खरंच होतं. सव्वीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले. गल्लीत त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळ्यांच्या तोंडी मीटरबाई. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, विजेरी आणि काठीला बांधलेला एक छोटा आरसा. मीटर कपाटामागे नाहीतर जिन्याखालच्या अडगळीत असला, की त्या काठी आत सारायच्या आणि आरशातले उलटे आकडे सुलटे करून लिहायच्या. कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, कुठल्या जिन्याची सातवी पायरी हलते, हे त्यांना पाठ. मीटरवरून घर वाचता येतं म्हणायच्या. आकडा एकदम उतरला की घरातलं कुणीतरी दूर गेलंय. हळूहळू चढत गेला की कुणीतरी गुपचूप घरी शिवणयंत्र चालवायला लागलंय. वाचायच्या सगळं, पण बाहेर एक अक्षर काढायच्या नाहीत. मी किती खोदून विचारलं असेल.

त्यांचा एक नियम होता, तो इथे सांगायलाच हवा. घराला कुलूप असलं की बाकीचे मीटर वाचणारे मागच्या महिन्यांवरून अंदाजाने आकडा टाकून पुढे जात. साहेबांचीही त्याला ना नसे. वन्संनीही नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बंद दारावर तसा आकडा टाकला होता. म्हातारा एकटा माणूस, दवाखान्यात होता. बिल फुगून आलं. आपल्याच हातून काहीतरी जास्त जळतंय असं समजून तो पुढचा सबंध महिना अंधारात बसला. वन्सं पुढच्या फेरीला गेल्या तेव्हा मीटरचा आकडा हललाच नव्हता. तेव्हापासून बंद दाराचा आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. चार वेळा जायला लागलं तरी चार वेळा गेल्या. साहेब चिडायचे. ह्या म्हणायच्या, मी बघितलं नाही ते मला ठाऊक नाही.

मग आपोआप आकडे पाठवणारे मीटर आले आणि वन्सं घरी बसल्या. सहा महिने नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. मी रोज सकाळच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी एवढंच मागत होते, की वन्संच्या पायांना काहीतरी काम दे.

काम आलं ते सह्यांच्या मोहिमेचं. मला आधी त्यातलं काही कळेना. वन्संनी भाजी निवडता निवडता सांगितलं. आपण मिळवतो त्यावर कर असतो, विकत घेतो त्यावर असतो. पण ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची माया साठलेली आहे, त्यांची ती माया नुसती पडल्या पडल्या वाढते आणि तिच्यावर जवळजवळ काहीच लागत नाही. तर अगदी वरच्या मूठभर लोकांच्या संपत्तीवर दर वर्षी थोडासा कर लावा, अशी मागणी होती. एका प्रभागातून सहाशे सह्या जमल्या की त्या प्रभागात कायदेमंडळाच्या समितीला जाहीर सुनावणी घ्यावी लागते. आमच्या प्रभागासाठी संस्थेने वन्संना पगारावर घेतलं. कारण उघड होतं. दुसऱ्या कुणाला दार उघडायला दहा मिनिटं लागली असती. मीटरबाई म्हटलं की लोक सवयीने आधी मीटरपुढचा खोक्यांचा ढीग बाजूला करायला धावायचे.

इथेही त्यांनी आपली पद्धत लावली. कुणी काही विचारलं आणि उत्तर माहीत नसलं, तर प्रश्न अर्जाच्या मागच्या पानावर लिहायचा, उत्तर शोधून परत जायचं, आणि मगच सही घ्यायची. त्या मागच्या पानांवर काय काय प्रश्न होते. घर म्हणजे संपत्ती का. बायकोचे दागिने धरणार का. श्रीमंत माणूस देश सोडून गेला तर काय करणार. वन्संना त्यातच मजा येत होती. सहीपेक्षा त्या प्रश्नाच्या जास्त मागे.

फक्त एका प्रश्नाला त्यांनी जागच्या जागी उत्तर दिलं.

कोपऱ्यावर कुलूप-चावीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची एक फट. म्हातारा तिथे चष्मा नाकावर उतरवून चाव्या घासत असतो. त्याने कागद दोनदा वाचला, मागचं पानही उलटून बघितलं आणि विचारलं, "तुला पगार कोण देतं?" वन्संनी सांगून टाकलं, लोकांच्या वर्गणीतून, थोड्या थोड्या पैशांतून. संस्थेच्या कचेरीत वर्गणीचा डबा ठेवलेला होता, भिंतीवर लिहिलेलं होतं, त्यांना तसंच वाटलं. म्हाताऱ्याने सही केली. वर ओळखीच्या सतरा जणांना सांगून त्यांच्याही सह्या मिळवून दिल्या. बाईमागे कुणी मोठा शेठ नाही, मी विचारून घेतलंय, असं तो प्रत्येकाला सांगत होता.

आणि चादरीच्या दिवशी वन्संच्या पिशवीत होता तो संस्थेचा वार्षिक अहवाल. सकाळी कचेरीत सगळ्यांना वाटला होता. बाकीच्यांनी त्यातले फोटो बघितले. वन्सं बारीक अक्षरांत गेल्या. चौदाव्या पानावर तळाशी होतं, की मोहिमेच्या खर्चातले शंभरातले ब्याऐंशी भाग एका फाउंडेशनकडून येतात. आणि ते फाउंडेशन कुणाचं, तर लिफ्ट बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या मालकाच्या मुलीचं.

हे जेवताना हसायलाच लागले. हे औषधांच्या दुकानात काउंटरला असतात, दिवसभर लोकांचं ऐकून घेतात, त्यामुळे घरी आले की बोलायला मोकळे. म्हणाले, सव्वीस वर्षं तू जिने चढलीस, आता लिफ्टवालीच्या पैशाने चढतेस.

"दादा, जेव," वन्सं म्हणाल्या.

पण ह्यांना राहवेना. म्हणाले, मला एवढंच कळत नाही, ही बाई स्वतःवरच कर लावून घ्यायला पैसे का देतेय? एकतर तिला हिशेब येत नाही, नाहीतर आपल्याला येत नाही.

मी म्हटलं, देणाऱ्याचं नाव विचारू नये, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. चांगल्या कामाला आलं, देवाने पाठवलं, असं समजावं.

वन्संनी यावर जरा विचार केला. त्या माझ्या देवाधर्माला कधी हसत नाहीत. "देवासाठी देत असेल तर नको विचारू," त्या म्हणाल्या. "पण कायदा बदलायला देत असेल, तर विचारावं लागेल. आणि मला तर विचारलं होतं, वहिनी. मी न बघता आकडा टाकला."

मग मला कळलं की वन्संना ते एवढं का लागलंय. तो अंधारात बसलेला म्हातारा त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आकड्यांचं असं होतं. प्रभागातून जमल्या होत्या सहाशे नऊ सह्या. त्यातल्या अठरा कुलूपवाला आणि त्याच्या माणसांच्या. त्या गेल्या तर सहाशेच्या खाली, आणि सुनावणी नाही. कागद द्यायची मुदत पुढच्या गुरुवारची, मध्ये नऊ दिवस.

वन्सं कचेरीत गेल्या. तिथली संघटक मुलगी हुशार, मेहनती, वन्संना ताई म्हणणारी. तिला यात काही बिघडलंय असं वाटेना. आपण कुठे काय लपवलंय, ती म्हणाली, अहवालात छापलंय, वेबसाइटवर आहे. शिवाय कर लागू नये म्हणून जे लोक वर्षानुवर्षं वजन वापरतात, त्यांना कोण पैसे देतं हे कुणी विचारतं का? हा मुद्दा वन्संनाही पटला. घरी येऊन मला तो तिच्याच शब्दांत सांगितला. पण लगेच म्हणाल्या, त्यांना कुणी विचारलं नाही, मला विचारलं.

पुन्हा दारोदार जायचं तर हातात काहीतरी पाहिजे. नुसतं, मी चुकले, असं म्हणून भागणार नाही, लोक पुढचं विचारतील. म्हणून वन्संनी ठरवलं की आधी स्वतः जाऊन बघायचं. मला म्हणाल्या, तू चल, मला तिथे बसल्यावर घाबरायला झालं तर तू बोल. मी म्हटलं, मी काय बोलणार? तर म्हणाल्या, काही नाही, तू नुसती बस, तुझ्याकडे बघून माणसं खरं बोलतात.

फाउंडेशनची कचेरी सहाव्या मजल्यावर. लिफ्ट त्याच कारखान्याची होती, आत पितळी पट्टीवर नाव होतं. वन्संनी त्या पट्टीवर बोट फिरवलं आणि आम्ही वर गेलो. मला वाटलं होतं गालिचे असतील, मोठाल्या तसबिरी असतील. तसं काही नव्हतं. साधी टेबलं, खूप कागद, खिडकीत एक वाळत चाललेलं झाड. कुणाला किती अनुदान द्यायचं ते बघणारे एक गृहस्थ आम्हाला भेटले. मध्यमवयीन, बाह्या दुमडलेले. मीटर वाचणारी बाई कशाला आलीय हे आधी त्यांच्या लक्षात येईना. मग वन्संनी अर्जाचं मागचं पान पुढे केलं. त्यावर चार प्रश्न लिहून आणले होते.

पहिला ह्यांचाच. बाई हे का करतात?

ते म्हणाले, वडील गेल्यावर सगळं त्यांच्या नावावर झालं. पहिल्या वर्षी त्यांनी काही केलं नाही आणि वर्षाअखेरीस संपत्ती वाढलेलीच होती. कारखान्यात लिफ्टची दारं जोडणाऱ्या माणसाच्या पगारातून मात्र दर महिन्याला कर कापला गेला. हे त्यांना बरोबर वाटेना.

वन्संनी लिहून घेतलं. दुसरा प्रश्न, मग त्या आपल्या आपण का भरत नाहीत?

"एकदा भरला त्यांनी, आपणहून," ते म्हणाले. "पण एकटीने भरला की ती देणगी झाली. सगळ्यांकडून घेतला तर तो कर."

हे मला फार आवडलं, तिथेच पाठ करून ठेवलं. वन्सं मात्र थांबल्या नाहीत. तिसरा प्रश्न, फाउंडेशनमध्ये टाकलेल्या पैशावर कर लागतो का?

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नाही लागत. सूट आहे. वन्सं म्हणाल्या, म्हणजे कर वाढवा म्हणून सांगायला जे पैसे येतात, त्यांच्यावरच कर नाही. ते म्हणाले, हो. हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. म्हणाले, आमच्या बैठकीतही हा प्रश्न येतो. आला की पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

चौथा. उद्या बाईंचं मन बदललं तर?

"तर तुमच्या संस्थेला दोन वर्षांची सूचना मिळेल," ते म्हणाले. "आणि मग बहुधा मोहीम थांबेल."

निघताना त्यांनी विचारलं की यातलं काय काय तुम्ही लोकांना सांगणार. वन्सं म्हणाल्या, लिहिलंय तेवढं सगळं. ते म्हणाले, सांगा. खाली येताना वन्सं लिफ्टने आल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. तर म्हणाल्या, जिन्यात विचार नीट होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा कुलूपवाल्याकडे. त्याला शेवटी ठेवलं असतं तर सोपं गेलं असतं, कारण बाकीचे त्याच्यामुळे आलेले. पण वन्संना ते बरोबर वाटेना. मी जवळच्या किराणा दुकानात उभी होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. वन्संनी आधी चूक सांगितली, मग चारही उत्तरं वाचून दाखवली. म्हातारा चावी घासायची थांबवून ऐकत होता. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातानेच थांब म्हटलं.

मग त्याने हातातली चावी खाली ठेवली. शेवटी म्हणाला, "कर लागला पाहिजे, हे मला आजही पटतं. ती बाईही वाईट दिसत नाही. पण माझ्याकडे कुणी कुलूप बसवून घेतलं, की दुसरी चावी कुणाकडे आहे हे मी विचारतोच. तुलाही विचारलं. मी सही केली ती तुझ्या उत्तरावर."

वन्संनी अर्ज पुढे केला. त्याने स्वतःच आपल्या नावावर रेघ ओढली, सरळ, पट्टी लावल्यासारखी. वन्संचा चेहरा उतरला. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण पेन परत देताना म्हणाला, "आधीच सांगितलं असतंस, तर केली असती गं. आता नाही." आणि मग, "ती बाई सुनावणीला येणार आहे का? येऊन सगळ्यांसमोर बसणार का? ते विचारून ये."

वन्संनी ते मागच्या पानावर पाचवा प्रश्न म्हणून लिहिलं. सही गेल्यावरही प्रश्न लिहून घेतलेला मी पहिल्यांदाच बघितला.

पुढचे पाच दिवस त्या सतरा दारं फिरत होत्या. कपड्यांना इस्त्री करणाऱ्याने शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. म्हणाला, कुणाच्या का पैशाने होईना, कर लागू दे, माझी सही राहू दे. त्याच्या बायकोने मात्र सगळं ऐकलं आणि आपली काढली. एका मास्तरांनी करसवलतीच्या मुद्द्यावर वन्संना पाऊण तास उभं करून ठेवलं, आणि शेवटी सही ठेवली ती त्या मुद्द्यासाठीच. म्हणाले, सुनावणीत हेच विचारणार आहे. दोघांनी कुलूपवाल्याने काय केलं ते आधी विचारलं आणि त्याच्यासारखंच केलं. एक बाई चिडल्या. सही घ्यायला आलीस, आता काढायला आलीस, तुझं काम तरी काय आहे? वन्सं रोज संध्याकाळी येऊन मला सगळं सांगायच्या. मी वहीत उतरवून घ्यायचे आणि मध्येच विचारायचे, मग पुढे?

काल हिशेब असा होता. कुलूपवाला धरून सात गेल्या. आठ राहिल्या. तीन दारं बंद. म्हणजे सगळ्या धरून सहाशे दोन, आणि बंद दारं सोडली तर पाचशे नव्व्याण्णव.

संघटक मुलीचा फोन आला तेव्हा वन्सं कणीक मळत होत्या, म्हणून मीच फोन त्यांच्या कानाशी धरला होता. ती म्हणत होती, ताई, त्या तिघांनी सह्या केलेल्याच आहेत ना, त्या धरा. सही काढायची तर त्यांनी येऊन काढावी, ते तुमचं काम नाही. तिचंही खोटं नव्हतं. तिने यासाठी दीड वर्ष घालवलंय. आमच्या हातून एका सहीवरून सुनावणी गेली तर ती काय करील, मला वाईटच वाटलं.

"अगं, दार बंद आहे," वन्सं तिला म्हणाल्या. "बंद दाराचा आकडा मला लिहिता येत नाही. पण गुरुवारला अजून दोन दिवस आहेत."

हे बाहेरून ओरडले, दोन दिवसांत एका सहीसाठी गावभर फिरणार का ही? वन्संनी पिठाचे हात झटकले आणि म्हणाल्या, दादा, गावभर नाही, तीनच ठिकाणी. मग शेजाऱ्यांना फोन करून तिघांचे पत्ते काढले. एक कामासाठी परगावी, महिनाभर येणार नाही. एकजण दवाखान्यात, त्याला या वेळी त्रास द्यायचा नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. राहिली ती शिवणकाम करणारी. ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, बसने दोन तासांवर.

ती काय म्हणेल, मला काही सांगता येत नाही. वन्संनाही येत नाही. तिने सही ठेवली तर बरोबर सहाशे, काढली तर नाही. आज सकाळी मी प्रार्थनेला बसले तेव्हा तिने सही ठेवावी असं मागणार होते. मग वाटलं, तेही न बघता आकडा टाकल्यासारखंच. म्हणून एवढंच मागितलं की ती घरी भेटू दे.

वन्संनी पिशवी भरली आहे. अर्ज, पेन, मागच्या पानावरचे पाच प्रश्न आणि चार उत्तरं, बाळासाठी मी शिवलेली दोन दुपटी. काठीचा आरसाही घेतलाय, तो कशाला ते मी विचारलं नाही. साडेनऊच्या बसने त्यांना शिवणवालीच्या लेकीकडे जायचं आहे.